विलो आणि परक्या नद्या

क्रिकेटची बॅट ज्या लाकडाची करतात त्या विलो वृक्षाचें नांव शहरांतील शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें. झाड मात्र फारच थोड्यांनीं पाहिलेलें असतें. पाहिलेलें असलेंच तर काश्मीरच्या सहलींत, झेलमच्या कांठीं, पाण्यावर झुकलेलें. वास्तविक याच कुलांतील एक झाड सह्याद्रीच्या ओढ्यांच्या कांठींहि उभें असतें आणि त्याला वाळुंज असें खास मराठी नांव आहे. वाळुंज आणि बॅटीचा विलो हे सख्खे नसले तरी चुलतभाऊ आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञ या कुलाला सॅलिक्स म्हणतात. त्याच्या सुमारें चारशें जाती मोजल्या गेल्या असून त्यांतील बहुतेक पृथ्वीच्या उत्तर गोलार्धांतल्या, थंड व ओल्या जागीं वाढणाऱ्या आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन देशांत मात्र माणसानें नेऊन लावीपर्यंत या कुलांतील एकहि झाड नव्हतें. आज तेथील नदीकांठाचे शेंकडों मैल विलोनें व्यापले आहेत, आणि ज्या ऑस्ट्रेलियांत सरकारी खात्यांनीं एके काळीं तो लावण्यासाठीं पैसा खर्चिला, त्याच देशांत आतां तो काढण्यासाठीं सरकारी पैसा खर्च होत आहे.

ऑस्ट्रेलियांत १९९९ सालीं राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांची पहिली यादी प्रसिद्ध झाली. तींत वीस नांवें होतीं आणि त्या विसांत विलो होता. तण म्हटलें कीं डोळ्यांपुढें पिकांत माजलेलें गवत येतें, डोंगरउतारावरची घाणेरी येते, किंवा नदीचें पात्र झांकून टाकणारी जलपर्णी येते. जलपर्णीचें उपद्रवी रूप निदान कोणापासून लपत नाहीं. परंतु पाण्यावर वांकलेला, वाऱ्याबरोबर लहरणारा, चित्रकारांनीं शतकानुशतकें रंगविलेला एक डेरेदार वृक्ष त्याच पंक्तीला बसवावा, हें नदीकांठीं राहणाऱ्या अनेक गृहस्थांना सहजासहजीं पटलें नाहीं. कित्येकांना अजूनहि पटत नाहीं. त्यांचें न पटणें अगदींच निराधार आहे असेंहि नव्हे, आणि म्हणूनच हा प्रश्न नुसत्या कुऱ्हाडीनें सुटण्यासारखा राहिलेला नाहीं.

विलो त्या देशांत कसा गेला याविषयींची एक कथा मोठी लोकप्रिय आहे. नेपोलियन १८२१ सालीं सेंट हेलिना बेटावर वारला, तेव्हां त्याचें दफन तेथील एका दरींत विलोच्या झाडांखालीं झालें. त्या काळीं लांबच्या सफरीवरचीं जहाजें या बेटावर पाण्यासाठीं थांबत. उतारू थडग्याचें दर्शन घेत आणि आठवण म्हणून झाडाची एखादी डहाळी मोडून घेत. ही डहाळी ओलसर ठेवली कीं पुष्कळ दिवस जिवंत राहते आणि जमिनींत खोंचली कीं मूळ धरते. न्यूझीलंडमधील आकारोआ या गांवीं १८४० च्या सुमारास आलेल्या फ्रेंच वसाहतवाल्यांनीं अशाच डहाळ्या लावल्या, असें सांगतात. ऑस्ट्रेलियांतहि कितीतरी गांवें आपल्या जुन्या विलोचा वंश त्या थडग्यापर्यंत नेऊन भिडवितात. सगळ्याच वंशावळी खऱ्या असतील असें मात्र नाहीं. खरेपणा हा वंशावळींचा धर्मच नव्हे. ज्या लोंबत्या फांद्यांच्या विलोविषयीं ही कथा आहे त्याचें शास्त्रीय नांवहि अशाच गैरसमजांतून आलें. बायबलांत बाबिलोनच्या नद्यांकांठच्या ज्या झाडांचा उल्लेख आहे तें हेंच झाड, असें समजून लिनीअसनें त्याला बाबिलोनचें नांव दिलें. झाड निघालें चीनचें.

हौसेनें लावलेलीं झाडें कितीशीं असणार! खरी लागवड झाली ती गरजेपोटीं. १८५१ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांत सोनें सांपडलें आणि त्या सोन्यासाठीं ओढ्यांचे तळ उपसले गेले, कांठची माती पाण्याच्या झोतानें धुऊन काढण्यांत आली. मागून आलेल्या शेतकऱ्यांनीं रानें तोडलीं आणि गुरें-मेंढ्या थेट पाण्यापर्यंत सोडल्या. कांठाला धरून ठेवणारी झाडी गेली, तशा दरडी ढांसळूं लागल्या आणि प्रत्येक पुराबरोबर चांगली जमीन वाहून जाऊं लागली. अशा वेळीं ज्याला खत नको, राखण नको, ज्याची फांदी चिखलांत रोवली कीं दोन-तीन वर्षांत झाड उभें राहतें, असा उपाय हातीं असतांना दुसरा कोण शोधील? शेतकऱ्यांनीं विलो लावला, इंजिनिअरांनीं लावला, आणि नद्यांची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी खात्यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतहि तो लावण्याचा सल्ला दिला. त्या सल्ल्यांत लबाडी नव्हती. कांठ खरोखरच ढांसळत होता आणि विलोनें तो कांहीं काळ खरोखरच धरून ठेवला.

पुढें जें घडलें तें समजण्यासाठीं त्या देशांतील नदीचा मूळ संसार कसा होता हें पाहिलें पाहिजे. ऑस्ट्रेलियांतील अनेक नद्यांच्या कांठचें मुख्य झाड म्हणजे रेड गम. हा निलगिरीच्या कुलांतील वृक्ष आहे. त्याच्या मुळ्या कांठाच्या मातींत खोल उतरतात. वाहत्या पाण्याच्या पात्रांत त्या सहसा पसरत नाहींत. विलोच्या मुळ्या मात्र पाण्याकडेच धांव घेतात. केंसासारख्या बारीक, तांबूस मुळ्यांचें दाट जाळें पात्राच्या तळावर विणलें जातें. त्या जाळ्यांत गाळ अडकतो, गाळावर नव्या मुळ्या चढतात, त्यांत आणखी गाळ अडकतो. पाहतां पाहतां तळ वर येतो, ओढा उथळ होतो, आणि मध्येंच एखादें बेट उठून त्यावरहि विलोच उगवतो. पुराचें पाणी आलें म्हणजे त्याला पूर्वीची वाट मोकळी सांपडत नाहीं. मग तें दोहों बाजूंना फाकतें आणि कांठ पोखरून नवी वाट पाडतें. ज्या दरडींच्या रक्षणासाठीं विलो आणला त्याच दरडी अशा रीतीनें त्याच्यामुळें खचूं लागतात.

पानांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे, पण महत्त्वाची आहे. निलगिरीच्या कुलांतील झाडें बाराहि महिने हिरवीं असतात व त्यांचीं पानें वर्षभर थोडथोडीं गळतात. पानें चिवट असल्यामुळें पाण्यांत पडल्यावर सावकाश कुजतात. पाण्यांतले बारीक किडे या संथ पुरवठ्यावर हजारों वर्षें जगत आले; त्या किड्यांवर मासे जगले. विलो हा पानझडीचा वृक्ष. तिकडच्या शरद ऋतूंत, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, त्याचा सगळा पाला थोड्या दिवसांत पाण्यांत येऊन पडतो. हीं पानें कोंवळीं असतात, झपाट्यानें कुजतात, आणि संथ पाण्यांत कुजतांना त्यांतील प्राणवायु शोषून घेतात. नंतर सहा महिने खायला कांहींच नाहीं! घरांत रोज शेर-पायली धान्य यायचें तें बंद करून वर्षाचें एकदम अंगणांत ओतावें आणि तेंहि चार दिवसांत सडावें, तशी ही तऱ्हा होते. उन्हाळ्यांत विलोची छाया इतकी दाट पडते कीं तिच्याखालीं कांठचें मूळ गवत व झुडपें तग धरीत नाहींत. रेड गमच्या जुन्या खोडांतील ढोलींत पोपट घरटीं करतात, आणि त्याचें उन्मळून पडलेलें कठीण खोड पाण्याखालीं वर्षानुवर्षें टिकून मरे नदींतील कॉड माशाला आसरा देतें. विलोचें मऊ लाकूड पाण्यांत लवकर कुजून जातें.

मूळ देशांत विलोला आळा घालणारे पुष्कळ असतात. युरोपांत त्याच्यावर जगणारे किडे शेंकडों प्रकारचे आहेत. बीव्हर नांवाचा प्राणी त्याचीं खोडें कुरतडतो. टोपल्या विणणारे कारागीर कोंवळ्या फांद्या दरसाल छाटून नेतात. नव्या देशांत यांपैकीं कोणी सोबत आलें नाहीं. त्यांत विलोच्या एका जातीच्या फांद्या इतक्या ठिसूळ असतात कीं वाऱ्याच्या झोतासरशीं कडकन् मोडतात. मोडलेली डहाळी प्रवाहाबरोबर खालीं जाते, चिखलांत अडकते आणि तेथें रुजते. एका झाडापासून सबंध ओढा भरावा तो असा.

बियांची हकीकत निराळी आहे. पपईप्रमाणेंच विलोंतहि नर झाड वेगळें आणि मादी झाड वेगळें. पुष्कळ जाती प्रथम आल्या त्या एकाच लिंगाच्या झाडांच्या फांद्यांतून, त्यामुळें दीर्घकाळ बीं धरण्याचा प्रश्न फारसा उद्भवला नाहीं. पुढें निरनिराळ्या जाती एकमेकींच्या शेजारीं लावल्या गेल्या, त्यांचा संकर होऊं लागला आणि बीं तयार झालें. हें बीं कापसासारख्या तंतूंनीं वेढलेलें, धुळीच्या कणाइतकें हलकें असतें. त्याचें आयुष्य कांहीं आठवड्यांचें. तेवढ्यांत ओली उघडी माती मिळाली तर रोप, नाहीं तर संपलें. पण वारा त्याला कोसच्या कोस वाहून नेतो. २००३ सालच्या आरंभीं व्हिक्टोरियाच्या उंच पहाडांत मोठे वणवे लागले. बोगाँगच्या पठारावर शेवाळानें भरलेल्या दलदली आहेत. स्पंजाप्रमाणें पाणी धरून ठेवून त्या खालच्या नद्यांना तें हळूहळू सोडतात. त्यांतल्या कांहीं जळून जमीन उघडी पडली, आणि त्या उघड्या ओल्या जमिनीवर खालच्या प्रदेशांतून उडत आलेलें राखी रंगाच्या विलोचें बीं रुजलें. जेथें कधीं कोणी एक फांदी लावली नव्हती तेथें विलोचीं रोपें दिसूं लागलीं.

उन्हाळ्यांत जेथें शेतीला पाणी अपुरें पडतें अशा देशांत साहजिकच प्रश्न निघाला कीं हें झाड पितें तरी किती? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विज्ञानसंशोधन संस्थेंतील तान्या डूडी व रिचर्ड बेनियन यांनीं खोडांतून वर चढणारें पाणी प्रत्यक्ष मोजलें आणि आपले निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध केले. पात्रांत, पाण्यांतच उभे असलेले विलो काढले तर त्यांच्या पर्णभारानें झांकलेल्या प्रत्येक हेक्टरामागें वर्षाला सुमारें ५५ लाख लिटर पाणी वांचतें, असा त्यांचा हिशेब आहे. याच हिशेबाची दुसरी बाजू मात्र उत्साही मंडळी विसरतात. जे विलो पात्रांत नसून कांठावर उभे आहेत ते काढून त्या जागीं रेड गम लावला तर पाण्यांत म्हणण्यासारखी बचत होत नाहीं. सरसकट सगळे विलो तोडा आणि पाण्यानें हौद भरून घ्या, असा अर्थ त्या संशोधनांतून निघत नाहीं. येथें सहज आठवतें तें असें कीं ऑस्ट्रेलियाची निलगिरी एकोणिसाव्या शतकांत भारतांत लावली गेली आणि ती जमिनींतलें पाणी पिऊन टाकते अशी तक्रार आपल्याकडचे शेतकरी करीत आले आहेत. झाडांची अदलाबदल झाली आणि तक्रार मात्र दोन्हीकडे एकच!

आतां विलो काढण्याविषयीं. करवत घेऊन झाड पाडणें हें या कामांतलें सर्वांत सोपें आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी काम. पाडलेल्या बुंध्याला पुढच्या वसंतांत दहा धुमारे फुटतात, आणि पाण्यांत पडलेली बोटाएवढी डहाळी खालच्या शेतकऱ्याच्या कांठीं जाऊन झाड होते. म्हणून तोडलेल्या बुंध्याच्या ताज्या कापावर एक मिनिटाच्या आंत ग्लायफोसेटसारखें तणनाशक लावावें लागतें. उशीर झाला तर जखम बंद होते आणि औषध मुळांपर्यंत पोंचत नाहीं. दुसरी रीत अशी कीं झाड उभेंच ठेवून बुंध्याशीं जवळ जवळ तिरपीं भोकें पाडावीं आणि प्रत्येक भोंक लगेच औषधानें भरावें. हें उन्हाळ्याच्या उतारावर, पानें झडण्यापूर्वीं केलें तर झाड स्वतःच तें औषध मुळांकडे ओढून नेतें. उभें झाड जागच्या जागीं वाळतें. मेलेल्या मुळ्या आणखी कांहीं वर्षें माती धरून ठेवतात, तेवढ्यांत नवीं झाडें जीव धरतात. पाण्याजवळ वापरावयाचें औषधहि पारखून घ्यावें लागतें, कारण तणनाशकांत मिसळलेले कांहीं साबणासारखे पदार्थ बेडकांच्या पिलांना घातक असतात. जेथें झाडें पात्रांत घुसलेलीं असतात तेथें मोठीं खोदयंत्रें आणून तीं उचलून काढतात. पण मुळें उपटीत नाहींत, तीं तशींच राहूं देतात. उचललेल्या फांद्यांचा ढीग पुराची रेषा सोडून वर रचायचा आणि वाळल्यावर जाळायचा. हा नियम पाळला नाहीं तर पहिला पूर सगळें काम वाया घालवितो.

क्रमहि महत्त्वाचा आहे. ज्या जाती मोडक्या फांद्यांतून पसरतात त्यांच्यासाठीं काम ओढ्याच्या उगमाकडून सुरू करून खालीं यावें लागतें, नाहीं तर वरून नव्या डहाळ्या येतच राहतात. बियांनीं पसरणाऱ्या जातींत आधीं बीं धरणारीं मादी झाडें काढतात. आणि कोठेंहि सगळा कांठ एका हंगामांत उघडा करीत नाहींत. ज्यांनीं तसें केलें त्यांच्या ओढ्यांत पाणी उन्हानें तापलें, कांठ भुगा होऊन वाहून गेला. एक तुकडा मोकळा करायचा, कुंपण घालून गुरें दूर ठेवायचीं, रेड गम आणि बाभळीच्या नात्यांतील वॅटल लावायचे, ते वाढेपर्यंत वाट पाहायची आणि मग पुढच्या तुकड्याला हात घालायचा. पहिल्या वर्षाचा पैसा मिळतो. पांचव्या वर्षीं पुन्हा फिरून रोपें उपटण्यासाठीं पैसा मिळविणें हें त्याहून अवघड असतें. वर्तमानपत्रांत फोटो छापून येतो तो खोदयंत्राचा. चार माणसें गुडघाभर पाण्यांत वांकून रोपें शोधीत आहेत, यांत छापण्यासारखें काय असतें!

या मोहिमेला विरोधहि आहे आणि तो केवळ भावनेचा नाहीं. पीटर अँड्र्यूज या शेतकऱ्यानें २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत उलट बाजू मांडली. गोऱ्या वसाहतींनंतर ओढे खोल खणले गेले आणि रानांतलें पाणी भराभर वाहून जाऊं लागलें. अशा ठिकाणीं विलोसारखें गाळ अडवून पाणी वर आणणारें झाड हें औषधच आहे, असें त्यांचें म्हणणें. शास्त्रज्ञांपैकीं अनेकांना तें मान्य नाहीं. तरीहि विलो गाळ अडवितो ही गोष्ट उभय पक्षांना कबूल आहे; वाद आहे तो एवढाच कीं कोणत्या ओढ्यांत गाळ अडणें इष्ट आणि कोणत्या ओढ्यांत तें घातक. हा प्रश्न प्रत्येक ओढ्याकांठीं उभें राहूनच सोडवावा लागतो. खुद्द १९९९ च्या यादींतहि सगळे विलो दोषी धरलेले नाहींत. लोंबत्या फांद्यांचा विलो आणि आणखी दोन प्रकार तींतून वगळलेले आहेत.

न्यूझीलंडनें तर दोन्ही दगडांवर पाय ठेवला आहे, आणि त्याला तसें ठेवण्याचें कारणहि आहे. तेथील डोंगर ठिसूळ, पाऊस जोराचा, नद्या अल्लड. पूर आवरण्यासाठीं आणि घसरते उतार धरण्यासाठीं तेथील स्थानिक मंडळें निवडक जातींचे विलो अजूनहि लावतात; तेंच सरकार वांगामारिनोसारख्या पाणथळींत शिरलेल्या राखी विलोवर औषधाची फवारणी करतें. १९९७ सालीं त्या देशांत विलोचीं पानें खाणाऱ्या एका माशीवर्गीय किड्याच्या अळ्या आढळल्या. २००४ सालीं तोच किडा ऑस्ट्रेलियांत पोंचला. त्याच्या माद्या नराशिवायच अंडीं घालतात. कांहीं नद्यांकांठचे विलो त्यानें पार निष्पर्ण केले. एका देशानें त्याला शत्रू मानलें, दुसऱ्या देशांत कित्येकांनीं मनांतल्या मनांत त्याचें स्वागत केलें.

भारतांत हा प्रश्न दिसतो तो काश्मीरच्या वुलर सरोवरांत. थंड हवेचा काश्मीर विलोला परका नाहीं. तेथें चुकली ती जागा. जळणासाठीं विसाव्या शतकांत सरोवराच्या कांठावर व उथळ पाण्यांत विलोचीं रानेंच्या रानें लावण्यांत आलीं, झेलमनें आणलेला गाळ त्यांत अडकत गेला आणि सरोवर आटूं लागलें. १९९० सालीं वुलरला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. २००७ सालच्या आराखड्यांत तेथील वीस लाखांहून अधिक विलो काढावे असें सुचविण्यांत आलें आणि पुढें टप्प्याटप्प्यानें तें काम हातीं घेतलें गेलें. मासे धरणाऱ्या आणि शिंगाडे काढणाऱ्या कुटुंबांना पाणी हवें आहे. बॅटी करणाऱ्या कारखान्यांना लाकूड कमी पडत आहे. दोघेहि काश्मिरीच, आणि दोघांचेंहि पोट त्याच सरोवराच्या आसपास.

बोगाँगच्या पठारावर २००३ नंतर स्वयंसेवकांच्या टोळ्या उन्हाळ्यांत चढून जातात. वीतभर रोप ओल्या शेवाळांतून मुळासकट सहज उपटून येतें. मोठें झालें तर कापून औषध लावावें लागतें. गवतांत तें लौकर दिसत नाहीं, म्हणून माणसें थोडथोड्या अंतरानें रांग धरून सगळी दलदल पालथी घालतात. पठार एकदां साफ झालें म्हणजे काम संपलें असें होत नाहीं, कारण बीं येतें तें खालून, ओढ्यांच्या कांठांवरून आणि बागांतून. म्हणून आतां पठाराबरोबर खालच्या बाजूचीं बीं धरणारीं झाडेंहि हुडकून काढतात. निरनिराळ्या जाती आणि नर-मादी ओळखण्याची चांगली खूण म्हणजे फुलांचे तुरे, आणि ते वसंताच्या आरंभीं थोडेच दिवस टिकतात. त्या दिवसांत ओढ्याओढ्यानें हिंडून कोणतें झाड कोठें आहे याचे नकाशे करून ठेवतात; करवत आणि औषध घेऊन माणसें जातात तीं त्यानंतर.